अष्टपरिष्कारातील सुई : घरच्या शिवणाचा इतिहास आणि आपण

अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गरजांचा उच्चार आपण एका दमात करतो. अन्नाचा आणि जमिनीचा इतिहास अभ्यासकांनी विपुल लिहिला आहे. कापडाच्या व्यापाराचा आणि गिरण्यांचा इतिहासही लिहिला गेला आहे. परंतु कापड हाती आल्यापासून ते माणसाच्या अंगावर येईपर्यंत जी क्रिया घडते, त्या शिवणाकडे इतिहासाचे लक्ष फारसे गेलेले नाही. हे काम बहुतांशी घरात होते, ते बहुधा स्त्रिया करतात आणि त्याचा हिशेब कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, ही त्याची कारणे असावीत. ज्या समाजाने काय नेसावे आणि काय ल्यावे हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरविले, त्या समाजाला तरी या क्रियेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगड रस्त्यालगत धायरी हे गाव आहे. सन २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत जी अकरा गावे समाविष्ट झाली, त्यांत धायरीचा समावेश होता. शेतीचे गाव, मग लहान कारखान्यांची वस्ती आणि आता उंच इमारतींचे उपनगर अशी तिन्ही रूपे येथे एकमेकांना लागून दिसतात. येथील गल्ल्यांतून फिरताना तळमजल्याच्या खिडकीत 'फॉल-पिको करून मिळेल' अशी पाटी दिसते आणि आतून यंत्राचा आवाज ऐकू येतो. दारापुढे बसून गोधडीला टाके घालणारी एखादी आजीही दिसते. बाजारात तयार कपडे इतके स्वस्त झाले आहेत की, कापड, अस्तर, दोरा आणि स्वतःचा वेळ यांचा हिशेब केला तर घरी शिवलेला झगा पुष्कळदा महागच पडतो. तरीही माणसे घरी शिवतात. याचे कारण केवळ काटकसर असते, तर ही प्रथा केव्हाच बंद पडली असती. ते कारण शोधण्यासाठी इतिहासात बरेच मागे जाणे अगत्याचे आहे.

चिंधी एक, अर्थ दोन

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांच्या राहणीविषयी जे नियम घातले आहेत, त्यांत त्यांनी प्रेतावरील वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. फुटक्या भांड्यांत जेवण्याचा आणि लोखंडाचे दागिने घालण्याचा दंडकही त्याच ठिकाणी आहे. म्हणजे वस्त्र हे थंडीवाऱ्यापासून रक्षण करण्याचे साधन न राहता ते माणसाची पायरी दाखविणारी खूण बनले. ही खूण माणसाने स्वतः निवडलेली नव्हती. ती त्याच्यावर लादलेली होती.

याच भूमीत भगवान बुद्धांच्या भिक्खूसंघानेही स्मशानातील आणि उकिरड्यावरील टाकून दिलेली वस्त्रे वापरली. त्यांना 'पंसुकूल' म्हणतात. वरवर पाहता दोन्ही ठिकाणी वस्त्र तेच, टाकून दिलेले आणि फाटके. परंतु अर्थ अगदी उलट आहे. भिक्खू ती चिंधी स्वेच्छेने उचलीत असे. तो ती धुई, कापी, जोडून शिवी आणि मुळ्या, साली, पाने, फुले यांच्या रंगात रंगवी. हे संस्कार झाल्यानंतर त्या चिंधीचे चीवर होई, आणि त्या चीवरापुढे राजे नतमस्तक होत. मूळ क्षत्रिय असो की शूद्र, ब्राह्मण असो की न्हावी, संघात आल्यावर सर्वांचे वस्त्र एकाच तऱ्हेचे असे. न्हावी असलेल्या उपालीचे आणि शाक्य कुलातील अनुरुद्धाचे चीवर वेगळे ओळखता येत नव्हते.

एकाच चिंधीचे हे दोन अर्थ कशामुळे झाले? एका ठिकाणी वस्त्र लादलेले आहे, दुसऱ्या ठिकाणी ते निवडलेले आहे आणि स्वतःच्या हाताने घडविलेले आहे. या दोहोंमध्ये जी वस्तू उभी आहे ती सुई होय. भिक्खूच्या अट्ठ परिक्खारांत, म्हणजे अष्टपरिष्कारांत, तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे फडके यांच्या बरोबरीने सुईचा समावेश आहे. ज्याने घरदार, धनधान्य सारे सोडले, त्यालाही सुई सोडण्यास सांगितलेले नाही, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

कठिनशाळा

विनयपिटकात शिवणाविषयीची माहिती इतकी बारकाईने आलेली आहे की, प्राचीन भारतातील शिवणकलेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ती टाळता येणार नाही. महावग्गातील चीवरखंधकात अशी हकीकत आहे की, राजगृहाहून दक्षिणगिरीकडे चारिकेस जात असताना भगवंतांची दृष्टी मगधातील शेतांवर पडली. पट्टे, बांध, आडवे बांध आणि त्यांच्या छेदातून झालेले चौकोन अशी ती शेते होती. भिक्खूंसाठी अशा रचनेची चीवरे करता येतील का, असे त्यांनी आनंदास विचारले. आनंदाने तसे चीवर बेतून दाखविले, तेव्हा भगवंतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. आजही भिक्खूंच्या चीवरावर जे शिवणीचे पट्टे दिसतात, ते मगधातील शेतांचे बांध आहेत.

चुल्लवग्गात याहूनही घरगुती तपशील आहेत. शिवताना भिक्खूंच्या बोटांना सुया टोचू लागल्या, तेव्हा अंगुस्तान वापरण्यास अनुज्ञा देण्यात आली. सुया गंजू लागल्या, तेव्हा त्या ठेवण्यासाठी नळीची सोय झाली. कापड ताणून धरण्यासाठी लाकडी चौकट आली. तिलाच 'कठिन' म्हणत. उघड्यावर शिवताना ऊन आणि थंडी यांचा त्रास होऊ लागला, म्हणून 'कठिनसाला', म्हणजे शिवणाची शाळा बांधण्यास परवानगी मिळाली. एकत्र बसून शिवण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या जागेचा हा अतिशय जुना उल्लेख होय. आजच्या शिवणवर्गांचे नाते तिच्याशी जोडले, तर ते वावगे ठरू नये.

सुईविषयी संघाने संयमही सांगितला. हस्तिदंताचे काम करणाऱ्या एका कारागिराने भिक्खूंना सुईच्या डब्या देऊ केल्या. परंतु भिक्खूंनी इतक्या डब्या मागितल्या की त्याचा धंदा बसला आणि बायकामुलांचे हाल होऊ लागले. तेव्हा हाड, दंत किंवा शिंग यांची सुईची डबी करविण्यास पाचित्तियाचा नियम घालून प्रतिबंध करण्यात आला. कारागिराच्या पोटाची काळजी वाहणारा हा नियम श्रमाच्या प्रतिष्ठेचा नियम आहे.

धम्मपद-अट्ठकथेत अनुरुद्ध थेरांची एक कथा आहे. त्यांचे चीवर जीर्ण झाले होते आणि ते उकिरड्यावरून कापडाचे तुकडे गोळा करीत होते. कथेतील देवतेचा भाग बाजूस ठेवला, तरी पुढील प्रसंग मनावर ठसल्यावाचून राहत नाही. चीवर शिवण्याच्या दिवशी स्वतः भगवान बुद्ध भिक्खूसंघासह तेथे आले. महाकस्सप एका टोकाशी बसले, सारिपुत्त मध्ये बसले, आनंद दुसऱ्या टोकाशी बसला. संघाने दोरा वळला. मोग्गल्लान लागेल ती वस्तू आणून देत राहिले, आणि तथागत सुईत दोरा ओवून देऊ लागले. एका भिक्खूच्या फाटक्या चीवरासाठी शास्त्याने सुई ओवावी, यातील समतेचा अर्थ वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही.

स्त्रियांचा वाटाही येथे नोंदला पाहिजे. मज्झिमनिकायातील दक्खिणाविभंगसुत्तानुसार महाप्रजापती गौतमीने स्वतः सूत काढून, स्वतः विणलेली नव्या वस्त्रांची जोडी भगवंतांना अर्पण केली. ते वस्त्र आपणास न देता संघास द्यावे, असे भगवंतांनी तिला सांगितले. घरी हाताने केलेले वस्त्र एका व्यक्तीचे न राहता समूहाचे व्हावे, ही दृष्टी त्यामागे आहे.

त्रिरश्मीचा शिलालेख

महाराष्ट्रात या परंपरेचा लेखी पुरावा नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आहे. लेणे क्रमांक १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट होती. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी व्यवस्था होती. हिशेब सरळ आहे. २००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०, आणि वीस भिक्खूंना प्रत्येकी १२. विणकरांची श्रेणी त्या काळची पेढी होती आणि भिक्खूंचे वस्त्र हा त्या पेढीचा एक हेतू होता. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील विणकर आणि विहार हे असे एका व्यवहाराने बांधलेले होते.

लुगडे, गोधडी आणि महाड

मध्यंतरीच्या शतकांत हा धागा तुटला. गावगाड्यात शिवणाचे काम शिंपी समाजाकडे राहिले. संत नामदेव त्याच समाजातले. सामान्य माणसाच्या अंगावर शिवलेले वस्त्र थोडेच असे. पुरुषाला धोतर, स्त्रीला लुगडे. शिवलेली असे ती चोळी. घरातले शिवण म्हणजे बाळाची कुंची, अंगडे, टोपडे, दुपटे आणि गोधडी. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून, कडेने धावदोरा घालीत मध्यापर्यंत जाणारी गोधडी हे महाराष्ट्रातील गरिबाघरचे सर्वांत मोठे शिवण होय. ती एकटीने क्वचितच शिवली जाई. दुपारच्या वेळी शेजारणी चारी कडांना बसत, आणि टाक्यांबरोबर सुखदुःखेही सांगितली जात. तुकड्यांना जोडून केलेल्या संघाटीशी गोधडीचे साम्य डोळ्यांत भरते. एकीपासून दुसरी निघाली असे ठरविण्याची घाई करू नये. परंतु टाकाऊला जोडून उबदार करण्याची रीत दोन्हींत समान आहे.

अस्पृश्य समाजाच्या वाट्याला मात्र वस्त्राचा जाच आला. लुगड्याचे काठ दिसू नयेत, ते निऱ्यांत दडवून नेसावे, अशी महार स्त्रियांवर सक्ती असे, हे बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या आत्मकथनात नोंदविले आहे. बाबासाहेबांनीही आपल्या बालपणीच्या आठवणींत सांगितले आहे की, पैसे देण्याची तयारी असूनही परीट त्यांचे कपडे धूत नसे आणि न्हावी केस कापीत नसे. त्यामुळे कपडे घरी धुतले जात. केस कापण्याचे काम थोरली बहीण करी, आणि सरावाने ती त्यात निष्णात झाली होती. समाजाने नाकारलेली सेवा घरातल्या हातांनी शिकून घेतली. आपल्या घरांतील हस्तकौशल्याच्या इतिहासाचे हे एक महत्त्वाचे पान आहे. बहिष्काराने पदरी टाकलेली गरज तेथे कौशल्यात बदललेली दिसते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसावे, अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखले जाणारे जड दागिने टाकावेत, वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही परंतु ते स्वच्छ असावे, असा त्या उपदेशाचा आशय होता. प्रेतवस्त्राचा दंडक सांगणारा ग्रंथ आणि वस्त्राच्या स्वातंत्र्याचा उपदेश यांची गाठ एकाच परिषदेत पडली. येथे ठिगळाविषयीची दृष्टी लक्षात घेतली पाहिजे. बाबासाहेबांनी ठिगळाला लाज मानले नाही. ठिगळ म्हणजे फाटलेले सावरणारा हात. लाज वाटावी ती लादलेल्या खुणेची. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोक शुभ्र वस्त्रे परिधान करून धम्मदीक्षेस आले, तेव्हा वस्त्र ही पुन्हा एकदा स्वेच्छेने निवडलेली खूण झाली.

यंत्र आणि फुरसत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिवणयंत्र आले. अमेरिकेत एलियस हाउ याने १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये पेटंट घेतले. हाताने एक सदरा शिवण्यास सुमारे साडेचौदा तास लागत, तो यंत्रावर सव्वा तासात होऊ लागला, असा त्या काळचा हिशेब आहे. त्या शतकाच्या उत्तरार्धात हे यंत्र हिंदुस्थानात आले, आणि १९३० च्या दशकात कलकत्त्यात 'उषा' या नावाने देशी यंत्रे तयार होऊ लागली. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण हा स्त्रियांच्या स्वावलंबनाचा मार्ग म्हणून शिकविला.

यंत्राविषयी बाबासाहेबांचा विचार स्पष्ट होता. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, दोष यंत्राचा नसून यंत्राचे फळ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला फुरसत मिळाल्याखेरीज संस्कृती निर्माण होत नाही, आणि फुरसत यंत्राखेरीज मिळत नाही. घरातील शिवणयंत्राला हा विचार नेमका लागू पडतो. सव्वातेरा तास वाचले, तर ते कोणाचे झाले, हा खरा प्रश्न आहे. ते तास त्या स्त्रीच्या वाचनाचे, विश्रांतीचे, मुलांच्या अभ्यासाचे झाले, तर यंत्राने मुक्ती दिली. त्याच तासांत तिने कंत्राटदारासाठी नगावर आणखी कपडे शिवले आणि दर त्याने ठरविला, तर यंत्र घरात आले तरी मालकी बाहेरच राहिली. घरबसल्या काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागविले जावे, यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये करार क्रमांक १७७ स्वीकारला, तो यामुळेच.

आणखी एका धोक्याची जाणीव ठेवणे जरूर आहे. गरीब वस्तीतील मुलीसाठी काही करावयाचे म्हटले की, शिवणयंत्र वाटण्याचा समारंभ होतो. सन २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांतही शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आहे. असे साहाय्य अवश्य घ्यावे. परंतु यंत्र हे पुस्तकाच्या जागी देण्यात येत असेल, तर ते नाकारण्याचे धैर्यही आपल्यात असले पाहिजे. शिवण ही निवड असावी. ती नेमून दिलेली पायरी होऊ नये. नेमून दिलेल्या पायऱ्यांचा अनुभव आपणास पुरेसा आहे.

आजची कठिनशाळा

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. धायरीतील स्त्रिया घरी का शिवतात? तयार कपड्यांची मापे सरासरी अंगासाठी बेतलेली असतात. घरच्या शिवणात माप त्या एका अंगाचे असते. वाढत्या मुलीच्या झग्याला आत दुमड ठेवून ती पुढल्या वर्षी सोडता येते. आईच्या जुन्या साडीचा लेकीला परकर होतो, आजोबांच्या धोतराचे नातवाला दुपटे होते, आणि माणूस गेल्यानंतरही त्याचे कापड घरात राहते. गळा, मुंढा, बाही यांचे कागदी कटिंग एकीकडून दुसरीकडे जाते. बिघडलेली बाही उसवून दुसरी बसवून देते. हे ज्ञान कोणी कोणाला विकत देत नाही. २०२० च्या साथीत मुखपट्ट्यांची टंचाई पडली, तेव्हा राज्यभरातील बचत गटांतील स्त्रियांनी त्या शिवून दिल्या. हे घडू शकले, कारण कौशल्य आधीपासून घराघरांत होते. बुद्धपौर्णिमेस आणि १४ एप्रिलला लागणारे ध्वजही घरी शिवता येतात. पंचरंगी धम्मध्वजाच्या पाच उभ्या पट्ट्या सरळ जोडाव्या लागतात आणि सहावी पट्टी त्याच पाच रंगांच्या तुकड्यांची करावी लागते. हा ध्वज ज्याने एकदा शिवला, त्याला त्यातील रंगांचा क्रम पाठ करावा लागत नाही.

वर्षावासानंतरच्या महिन्यात आपल्या विहारांतून कठीण चीवरदान होते. चीवर आज आपण दुकानातून तयार आणतो आणि पाकिटासह अर्पण करतो. विनयाप्रमाणे कठिनाचे कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पूर्ण करावयाचे असते, आणि त्यासाठी साऱ्या संघाने हात लावावयाचा असतो. अन्य देशांतील बौद्धांनी या भावनेची जपणूक केली आहे. बांगलादेशातील रांगामाटीच्या राजबन विहारात कापसापासून सूत, सुतापासून कापड आणि कापडापासून चीवर हे सारे चोवीस तासांत करण्याची परंपरा आहे. जपानच्या सोतो झेन संप्रदायात उपासक-उपासिका एकत्र बसून हाताने आपली वस्त्रे शिवतात, आणि काही परंपरांत प्रत्येक टाक्यागणिक बुद्धास शरण जाण्याचे वचन उच्चारतात. अशा शिवणमेळ्याला ते 'फुकुदेन-काई', म्हणजे पुण्यक्षेत्राची सभा म्हणतात. मगधाच्या शेतांचा आकार अशा रीतीने जपानपर्यंत पोहोचला आहे.

येत्या कठिनाच्या दिवशी निदान एक चीवर विहारातच, भिक्खूंच्या मार्गदर्शनाखाली बेतून शिवावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. धायरीसारख्या उपनगरात यंत्रे आहेत, निष्णात हात आहेत. उणीव आहे ती एकत्र बसण्याची. पुरुषांनीही त्यात बसावे. सारिपुत्त आणि महाकस्सप बसले होते. ज्याला शिवता येत नाही, त्याने दोरा ओवून द्यावा. त्या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. तथागतांनी तेच काम स्वतःकडे घेतले होते.